अंडं घालायच्या आधी

फ्रिटाटा या नावाला बिचकायचं कारण नाही. त्याची अर्धी रेसिपी तुम्हाला आधीपासून येते. बटाट्याच्या काचऱ्या करता येत असतील तर मोठं काम झालेलं आहे. पुढे त्या काचऱ्या फेटलेल्या अंड्यात कालवायच्या, पॅनमध्ये ओतायच्या, आच बारीक करायची आणि झाकण ठेवायचं. ओव्हन लागत नाही. चीज लागत नाही. रीलमध्ये दिसते तशी लाकडी पाटी आणि वर भुरभुरलेली कसलीतरी हिरवी पानंही लागत नाहीत. लागतात बटाटे, कांदा, अंडी, तेल, मीठ आणि पाऊण तास.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि जमेल त्या शुक्रवारी रात्री साताऱ्याला घरी जातो. घरी गेलो की रविवारी सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो, आणि महिन्यातून दोनदा तरी हा पदार्थ होतो. पप्पा त्याला ‘जाड आम्लेट’ म्हणतात. आमच्याकडे तो टिकला त्याला चव कारणीभूत आहेच. पण त्याहून मोठं कारण त्याच्या कृतीच्या क्रमात आहे. आधी काय होतं आणि नंतर काय होतं, यात आमच्या घरातला एक जुना गुंता थोडासा सुटला. म्हणून आधी कृती सांगतो, मग गुंता.

*

अंडं खाणारी दोन माणसं आणि न खाणारं एक, असा आमचा हिशोब आहे. त्यासाठी ६०० ग्रॅम बटाटे घ्यायचे, म्हणजे मध्यम आकाराचे पाच-सहा. आमच्याकडे खटाव तालुक्यात पुसेगावच्या बाजूला बटाटा होतो, तो हंगामात मिळाला तर उत्तम. नवा बटाटा शिजला तरी आकार धरून ठेवतो. जुना, पिठूळ बटाटा मोडतो आणि भाजीचा लगदा होतो. साल काढायची, उभे दोन भाग करायचे आणि तीनेक मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या. दोन कांदे उभे चिरायचे.

कढईत चार मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल. स्पेनमध्ये हेच बटाटे ऑलिव्हच्या तेलात जवळजवळ बुडवून, मंद आचेवर शिजवतात आणि मग तेल निथळून बाजूला काढतात. आपण तेवढं तेल ओतलं तर घरात भांडण होईल. आपली पद्धत तितकीच चांगली आहे: कढईवर ताटली, ताटलीत पाणी. खालून तेल, वरून वाफ. कांदा-बटाटा एकत्र टाकायचा, मीठ घालायचं, दोन हिरव्या मिरच्या आणि मधून मधून उलथन्यानं खालीवर. बारा ते पंधरा मिनिटांत चकती बोटानं दाबली की तुटते. कडा थोड्या खरपूस झाल्या तर हव्याच.

इथे थांबलात तर तुमच्याकडे काचऱ्या आहेत. पोळीबरोबर खा, संपला विषय.

पुढे जायचं असेल तर वेगळ्या भांड्यात सहा अंडी फेटायची. एका अंड्याला एक चिमूट मीठ, मिरपूड आणि मूठभर कोथिंबीर. फार फेस येईपर्यंत फेटायची गरज नाही. पांढरं-पिवळं एक झालं की पुरे. कढईतले बटाटे पाच मिनिटं निवू द्यायचे आणि अंड्यात सोडायचे. मग ते मिश्रण दहा मिनिटं तसंच ठेवायचं. बटाट्याच्या फटींमध्ये अंडं शिरतं आणि शेवटी कापताना तुकडे सुटे होत नाहीत.

आता पॅन. सहा अंडी म्हणजे साधारण ३०० ग्रॅम, वर बटाटा-कांदा. हे सगळं २० सेंटीमीटर व्यासाच्या पॅनमध्ये दोन-सव्वादोन सेंटीमीटर जाडीचं होतं. २४ सेंटीमीटरचा पॅन घेतला तर तेवढंच मिश्रण पसरून दीड सेंटीमीटरच्या आसपास येतं. फरक छोटा वाटतो, पण उष्णता मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दीडपटीच्या जवळ गेली की वेळ दुप्पट होतो. पातळ फ्रिटाटा आठ मिनिटांत होईल, जाड पंधरा-सतरा मिनिटं घेईल. म्हणून जाड करायचा असेल तर आच बारीक हवी, नाहीतर मध्य शिजेपर्यंत तळ करपतो.

पॅनमध्ये चमचाभर तेल तापवून मिश्रण ओतायचं, पहिलं मिनिटभर आच मध्यम, मग गॅस एकदम बारीक करून झाकण. कडा घट्ट झाल्या आणि मध्यभागी रुपयाएवढा भाग हलत असला की उलटायची वेळ आली. पॅनपेक्षा मोठं ताट वर पालथं घालायचं, एक हात ताटावर दाबून धरायचा, दुसऱ्या हातानं पॅनची मूठ, आणि न घाबरता एका झटक्यात उलटं. ताटावर आलेला फ्रिटाटा सरकवून परत पॅनमध्ये. आणखी तीन मिनिटं. सुरी मध्यात घालून बघायची. ओलं अंडं लागलं नाही तर झालं. लगेच कापायचा नाही. दहा मिनिटं निवला की पाचराच्या आकाराचे तुकडे सुबक पडतात. गरमपेक्षा कोमटच जास्त चांगला लागतो.

*

बटाटे आधी वेगळे का शिजवायचे? अंड्यात कच्च्या चकत्या टाकून सगळं एकदम का नाही?

कारण दोघांची तापमानं वेगळी आहेत. अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या थोडं पुढे धुरकट व्हायला लागतो, पिवळा पासष्टला दाटतो आणि सत्तरच्या आसपास बसतो. फेटलेलं अख्खं अंडं सत्तरीच्या पहिल्या तीन-चार अंशांत घट्ट होतं. त्यापुढे तापवत राहिलं तर प्रथिनांची जाळी आवळत जाते, पाणी बाहेर टाकते आणि अंडं रबरासारखं होतं. बटाट्याचं उलट आहे. त्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून धरणारं पेक्टिन सुटायला पंच्याऐंशी-नव्वद अंश लागतात. म्हणजे बटाटा मऊ व्हायची वाट बघत बसलो तर अंड्याचं केव्हाच वाटोळं झालेलं असतं. अंड्याला जपलं तर बटाटा कचकचीत राहतो. दोघांना एकाच वेळी न्याय देता येत नाही. आधी बटाटा पूर्ण शिजवायचा, मग अंडं. याला दुसरा क्रम नाही.

म्हणून जगात जिथे जिथे बटाटा आणि अंडं एकत्र आले तिथे हाच क्रम दिसतो. इटालियनमध्ये फ्रिटाटा हा शब्द तळणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला. स्पेनमध्ये त्याला तोर्तिया म्हणतात. मेक्सिकोची तोर्तिया ही पोळी, तिच्याशी याचा संबंध नाही. इराणमध्ये कुकू नावाचा अंड्याचा प्रकार आहे, त्यातला एक बटाट्याचा. फारसीत बटाट्याला ‘सीब-जमिनी’, जमिनीतलं सफरचंद, म्हणतात. आणि आपल्याजवळचं उदाहरण हवं असेल तर मुंबईच्या पारशी घरांतलं ‘पपेटा पर ईडू’: आधी कांदा-बटाट्याच्या चकत्या शिजवायच्या, वर अंडी फोडायची, झाकण ठेवायचं. गंमत म्हणजे बटाटा या जगात सगळ्यांकडे पाहुणाच. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर आला आणि त्यांचाच ‘बटाटा’ हा शब्द मराठीनं ठेवून घेतला. उत्तरेत तो ‘आलू’ झाला.

स्पेनमध्ये या पदार्थाचा एक जुना उल्लेख १८१७ सालचा आहे. नवारा प्रांतातल्या शेतकऱ्यांचे हाल सांगणारं एक निवेदन तिथल्या सभेला दिलं गेलं होतं. त्यात म्हटलं आहे की दोन-तीन अंड्यांत पाच-सहा माणसांचं भागवावं लागतं, आणि ते भागतं कारण आमच्या बायका थोड्या अंड्यांत बटाटे, पावाचा चुरा वगैरे मिसळून मोठं, जाड आम्लेट करू जाणतात. हे वाचलं तेव्हा मला दोन गोष्टी लक्षात राहिल्या. एक, पप्पांनी ठेवलेलं नाव दोनशे वर्षं जुनं आहे. दुसरी, त्या निवेदनात बायका करतात ते लिहिलं आहे. त्या स्वतः किती खातात ते लिहिलेलं नाही.

*

माझी आई माळकरी आहे. २००४च्या कार्तिकीला पंढरपूरला तिनं तुळशीची माळ घातली. मी तेव्हा दुसरीत होतो. माळ घातली की मद्य-मांस बंद, अंडं त्यातच आलं. एकादशीचा उपास, रोजचा हरिपाठ, जमेल तशी वारी. आमच्या भागात हे नवलाचं नाही. एकाच घरात एक माळकरी आणि बाकीचे मटणावर ताव मारणारे, अशी किती घरं दाखवू. बाहेरच्यांना वाटतं शाकाहार जन्मानं येतो. आमच्याकडे तो बऱ्याचदा चाळिशीच्या आसपास, स्वतः ठरवून येतो.

आईचं माहेर माण तालुक्यातलं. घरच्या कोंबड्या होत्या, अंड्याचा रस्सा तिला फार आवडायचा असं मावशी सांगते. म्हणजे तिला अंड्याची किळस नाही. तिनं ते सोडलं आहे. किळस असलेल्या माणसानं अंडं न खाणं आणि आवडत असलेल्या माणसानं न खाणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण घरात अंडी बंद झाली नाहीत. पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये, अंगमेहनतीचं काम. मी आणि धाकटी बहीण वाढत्या वयाचे. अंड्यासाठी वेगळा पॅन आला, वेगळं उलथनं, वेगळी घासणी. हे सगळं मागच्या पडवीतल्या फळीवर. आणि त्या पॅनवर आम्लेट, बुर्जी करायची कोणी? आईनंच. गेली वीस वर्षं तिनं आमच्यासाठी अंडी केली आणि एकदाही चाखली नाहीत. फोडणीचा चर्र आवाज, कडा सुटल्याचा वास, रंग, एवढ्यावर. मीठ हातानं.

“चव न घेता कळतं कसं गं?” असं मी एकदा विचारलं होतं.

“हाताला कळतं की. जिभेला कशाला इचारायचं?” ती म्हणाली.

तरी दर वेळी, आम्ही पहिला घास घेतला की ती दारात उभी राहून विचारायची, “मीठ बरं हाय का?” दर वेळी. वीस वर्षांत तो प्रश्न चुकला नाही. आणि आम्ही काय सांगणार? कमी असलं तरी “बरं हाय” म्हणायचो, कारण तोवर काही करता येण्यासारखं नसायचं.

अंडी असली की तिच्या ताटात काय असायचं, याच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. रात्रीची उरलेली भाजी, शेंगदाण्याची चटणी, भाकरी. वेगळं काही कर म्हटलं की उत्तर ठरलेलं: “माझ्या एकटीसाठी कशाला राडा?” हे वाक्य ज्या घरात बोललं जात नाही असं मराठी घर मला अजून भेटलेलं नाही.

*

दोन वर्षांपूर्वी आईच्या पायाला मुंग्या यायला लागल्या. थकवा होता, पण थकवा तिला कायमच असतो असं आम्ही सगळे धरून चालतो. तपासणीत बी-बाराचा आकडा दीडशेच्या आत निघाला. रिपोर्टवर खालची मर्यादा दोनशे छापलेली. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली, पुढे गोळ्या, आणि जाता जाता म्हणाले, “चालत असेल तर रोज एक अंडं खा.”

हे ‘चालत असेल तर’ घरी पोचेपर्यंत गळून पडलं. आत्याचा फोन आला, मामा प्रत्यक्ष आले. देवानं कुठं सांगितलंय जिवावर बेतू दे म्हणून. औषध म्हणून घेतलं तर दोष नाही. माळ काही दिवस देवापाशी काढून ठेव. पप्पा बोलत नव्हते, पण त्यांना तेच हवं आहे हे दिसत होतं. बहिणीनं फोनवर दोन डॉक्टरांचे व्हिडिओ पाठवले.

मी त्या भांडणात बाजू घेतली नाही. मी गणित केलं. प्रौढ माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-बारा लागतं. एका अंड्यात ते साधारण अर्धा मायक्रोग्रॅम असतं, आणि त्यातलंही शरीरात शोषलं जाण्याचं प्रमाण कमी. म्हणजे निव्वळ अंड्यावर भिस्त ठेवायची तर रोज एकानं काही होत नाही. एक मोठा पेला दूध, २५० मिलिलिटर, याच्यात एक मायक्रोग्रॅमहून थोडं जास्त असतं. दोन पेले दूध आणि गोळी, यात काम होतं. गोळीतलं बी-बारा कारखान्यात जिवाणूंकडून, आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार करतात. त्यात कुठला प्राणी येत नाही. फक्त जिलेटिनचं आवरण असलेली कॅप्सूल नको, कारण जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून होतं. साधी दाबलेली गोळी घ्यायची.

मी हे वहीच्या कागदावर लिहून टेबलावर ठेवलं. कागदानं मामा गप्प झाले असं नाही. ते आईनं केलं.

“घालताना म्या कुणाला इचारलं नव्हतं,” ती म्हणाली, “आता काढायला मतं कशाला मोजताय?”

खोलीत कुणी बोललं नाही. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की ते खरं आहे. लग्न, घर, आमच्या शाळा, कुणाकडे किती दिवस राहायचं, तिच्या आयुष्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चार जणांनी बसून ठरवली होती. माळ तेवढी तिची एकटीची होती. आणि आम्ही सगळे मिळून, तिच्याच भल्यासाठी, तेवढी एक गोष्ट मागत होतो.

इंजेक्शनं झाली, गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी आकडा मर्यादेच्या वर आला, मुंग्या कमी झाल्या. दुधाचं मात्र सांगता येत नाही. मी घरी असलो की ती पेला भरून घेते. मी नसलो की ते दूध पप्पांच्या तिसऱ्या चहात जात असावं, असा माझा संशय आहे.

*

त्याच सुमारास मी रविवारचा स्वयंपाक हातात घेतला, आणि बुर्जी सोडून दुसरं काही शोधताना फ्रिटाटापाशी पोचलो. पहिल्यांदा केला तेव्हाच लक्षात आलं की या पदार्थाला मध्ये एक थांबा आहे. बुर्जीत अंडं पहिल्या दोन मिनिटांत पडतं, आम्लेटात तर अंड्यापासूनच सुरुवात. इथे अंडं पडायच्या आधी पंधरा मिनिटं शुद्ध काचऱ्या आहेत. त्या आईच्या कढईत, आईच्या उलथन्यानं होतात. शिजल्या की एक तृतीयांश तिच्यासाठी कढईतच ठेवायच्या आणि बाकीच्या अंड्याच्या भांड्यात काढायच्या. बटाटे अंड्याकडे जातात, अंडं बटाट्याकडे येत नाही. कढईला, उलथन्याला अंड्याचा स्पर्शही होत नाही. स्पेनमधली, बटाटे अंड्यात मुरत ठेवायची पद्धत आमच्या दोन पॅनच्या घराला जशी काही मापानं शिवलेली निघाली.

तिच्या वाट्याच्या काचऱ्यांवर ती स्वतः येऊन काय काय करते. वरून मोहरी-हिंगाची फोडणी, कधी दाण्याचं कूट, कधी लिंबू. त्या गरम असतात, त्याच वेळी झालेल्या असतात, आणि ‘एकटीसाठी’ वेगळ्या केलेल्या नसतात. आमचं ताट आणि तिचं ताट एकाच कढईतून निघतं.

दुसरी गोष्ट मी ठरवून केलेली नव्हती. अशाच एका रविवारी मी काचऱ्यांवरची ताटली काढली आणि ती शेजारी येऊन म्हणाली, “अंडी घालायच्या आधी मला एक फोड दे बघू.” फुंकर मारून तिनं चकती तोंडात टाकली, दोन-तीनदा चावली.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली. “आणि जरा चुरचुरीत होऊ दे. अंड्यात गेल्यावर मऊच पडणार हायत.”

मी मीठ घातलं. तिनं परत चाखलं आणि मान हलवली.

हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर फ्रिटाटात मीठ दोनदा पडतं. अंड्यातलं मीठ ठरलेलं आहे, एका अंड्याला एक चिमूट, त्यात चाखण्यासारखं काही नाही. कच्चं अंडं तसंही कुणी चाखत नाही. बटाट्यातलं मीठ मात्र जिभेनं ठरवायचं असतं, कारण बटाटा किती गोड, कांदा किती, तेल किती, यावर ते बदलतं. म्हणजे या पदार्थातला जो निर्णय चाखूनच घ्यावा लागतो, तो अंडं पडायच्या आधीच घ्यावा लागतो. तो आता आई घेते. त्या दिवशी आम्ही खायला बसलो तेव्हा ती दारात उभी राहिली नाही. तिचं ताट घेऊन आमच्याबरोबर बसली, आणि मिठाचं तिनं विचारलं नाही.

*

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत आई कांदा-लसूण खात नाही. त्याआधीची आषाढ शुद्ध नवमी, कांदेनवमी, आमच्याकडे भज्यांनी साजरी होते. पुढचे चार महिने काचऱ्या बिनकांद्याच्या. पहिल्या वर्षी मला वाटलं फ्रिटाटा फिका होईल. मग कळलं की स्पेनमध्ये यावरूनच कायमचं भांडण आहे: तोर्तियात कांदा हवा म्हणणारे आणि कांदा अजिबात नको म्हणणारे. दोन्ही पक्षांना नावं आहेत, दोन्ही बाजूंनी मोठमोठे आचारी आहेत. बिनकांद्याचा करताना बटाटा जास्त खरपूस करायचा, मिरपूड थोडी वाढवायची. वेगळा लागतो, वाईट लागत नाही. आमचं घर आठ महिने एका पक्षात आणि चार महिने दुसऱ्या. त्यातही श्रावणात अंड्याचा पॅन फळीवरून खाली उतरत नाही, त्यामुळे तो महिना प्रश्नच मिटतो.

एकादशीला तर अजून मजा. त्या दिवशी फक्त बटाटा उरतो. जिरं, मिरची, दाण्याचं कूट, तूप. अँडीजमधून पोर्तुगीजांबरोबर आलेला बटाटा आपल्या उपासाला चालतो, यावर मी आईला एकदा छेडलं. ती म्हणाली, “पांडुरंगानं कुठं इचारलं, कुठनं आलास म्हणून?”

तिला या पदार्थाच्या गावाची उत्सुकता आहे. तिकडचे लोक वर्षभर अंडी खातात का, त्यांना काही वार-बिर असतात का, असं तिनं मध्ये विचारलं. मी सांगितलं, की आता फारसं पाळत नाहीत, पण मध्ययुगात ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस युरोपात मांसाबरोबर अंडी आणि दूधसुद्धा बंद असायचं. कोंबड्या काही अंडी द्यायच्या थांबत नाहीत. ती साठायची, आणि ईस्टर आला की सगळ्यांकडे अंडीच अंडी. ईस्टरच्या अंड्यांमागे हेही एक कारण आहे.

“म्हंजे त्यांचाबी चातुर्मासच,” आई म्हणाली. मग थोडा विचार करून, “दूधबी बंद? मग बायकांचं कसं व्हायचं?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तिच्यासमोर दुधाचा पेला सरकवला. तिनं माझ्याकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं, आणि घेतला.

उरलेला फ्रिटाटा मी डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवतो. सोमवारी पहाटेच्या गाडीनं पुण्याला येतो आणि नाश्त्याला त्याचा एक तुकडा पावात घालून खातो. स्पेनमध्येही तो तसाच पावात घालून खातात. गार झाल्यावर मिठाचा अंदाज चुकलेला असला तर लगेच कळतं. गेल्या वर्षभरात तो एकदाही चुकलेला नाही.